ट्रॅप नंबर सतरा

"हात टेकव," साहेब म्हणाला.

मला वाटलं, पाया पड म्हणतो. मी वाकलो.

"पाया नको पडू. हात टेकव जमिनीवर. गुडघेपण. चार पायांवर चाल. त्या झाडापासून या खांबापर्यंत."

सकाळची वेळ होती. जंगलाच्या फाटकासमोरचं मुरमाचं अंगण. एका खांबाला गुडघ्याएवढ्या उंचीवर हिरवी डबी बांधलेली. डबीला काचेचा एक डोळा. बाजूला सफारीच्या गाड्या रांगेनं उभ्या, फेरी आटपून आलेल्या. गाड्यांत पावणे बसलेले. कोणी पाणी पीत होतं, कोणी बिस्कुट खात होतं.

मी एकाहत्तर वर्षांचा माणूस. धोतर नेसतो. खांद्यावर दुपट्टा असतो. माझ्या वयाच्या माणसाला आमच्या गावात लोक पारावर जागा करून देतात.

"चुकलो जी," मी म्हणालो.

"चुकलास ते माहीत आहे. डबी चालते की नाही बघायचंय. तूच काढली होतीस ना? मग तूच टेस्ट दे."

बाजूला गार्ड उभा होता, हातात काठी. त्यानं काठीनं माझ्या पोटरीला टोचलं. जोरात नाही. बैलाला टोचतात तेवढंच.

मी हात टेकले. चाललो.

हे मी लपवणार नाही. कोणी म्हणेल, बुडगा मोठा स्वाभिमानी, तो कसा चालला. चाललो. मुरूम तळव्यांत रुतत होता. धोतराचा सोगा गुडघ्याखाली अडकत होता. डबीसमोरून गेलो तर आवाज नाही, उजेड नाही, काहीच नाही. साहेबानं डबी उघडली, आतली चकती काढली, मांडीवरच्या मशीनमध्ये घातली आणि पाहिलं.

"अर्धाच आलास. आणि मान खाली घे. वाघ काय असा मान वर करून चालतो? पुन्हा."

मी पुन्हा चाललो. मान खाली घेतली.

"सावकाश. पुन्हा."

तिसऱ्यांदा चाललो. तेव्हा पहिल्या गाडीतून एक जण ओरडला, "सर, ये कौनसा टायगर है?"

इकडे वाघांना नंबर असतात. टी-अमुक, टी-तमुक. साहेब हसला. "ये? ये टी-झिरो है."

सगळ्या गाड्या हसल्या. बाया हसल्या, लेकरं हसली. एका लेकराला त्याच्या आईनं उभं करून दाखवलं.

रांगेतली तिसरी गाडी माझ्या अगदी जवळ होती. तिचा ड्रायव्हर स्टेरिंग धरून समोर पाहत होता. मागच्या माणसानं त्याला विचारलं, "भैया, ये बुढ्ढा कौन है?"

ड्रायव्हर म्हणाला, "मालूम नहीं साब. गाँव का कोई होगा."

तो ड्रायव्हर माझा मुलगा. एकुलता एक.

चार पायांवर चालतानाही माणसाला ऐकू येतं.

आता आधीचं सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, बुडग्यानं काहीतरी केलंच असेल.

केलं होतं. पण काय केलं ते ऐका.

लाखनीहून जंगलाकडे सडक जाते, तिच्या शेवटाला आमचं गाव. थोडी धानाची बांदी, म्हणजे खाचरं, आहेत आणि बाकी जंगल. फागून सरता सरता मोहफुलं पडायला लागतात. आमच्या गावात कोणतं झाड कोणत्या घराचं ते ठरलेलं. सातबारा नाही, कागद नाही, पण ठरलेलं. माझी चार झाडं. त्यांतलं मोठं झाड माझ्या आजाच्या आजापासून आमचं.

फुलं पडायच्या आधी प्रत्येक जण आपल्या झाडाला धानाच्या तनसाची पिळलेली दोरी बांधतो. दोरी बांधली की झाड धरलं. मग त्याखालचं एक फूल दुसरा उचलत नाही. लहान लेकरूसुद्धा नाही.

कधी कोणी चुकून दुसऱ्याच्या झाडाला दोरी बांधतो. नवीन सुना चुकतात, दारू पिलेला चुकतो. तेव्हा भांडण करायचं नाही, अशी रीत. ती दोरी सोडायची, तोडायची नाही, नीट गुंडाळून गावात आणायची आणि मारुतीच्या पारावर ठेवायची. मोठ्यानं सांगायचं, माझ्या झाडाला कोणाची दोरी होती, घेऊन जा. ज्याची असेल तो येतो. म्हणतो, "भुललो गा." दोघं तंबाखू खातात. संपलं. माझ्या आयुष्यात मी असं चारदा केलं. दोनदा माझीच दोरी कोणीतरी आणून ठेवली आणि मी जाऊन "भुललो गा" म्हणालो.

मागच्या साली मी मोठ्या झाडाखाली गेलो तर खोडाला हिरवा पट्टा आवळलेला. पट्ट्यात एक डबी. मला वाटलं, कोणी ठेकेदार घुसला. पैसेवाला दिसतो, तनीस नाही मिळालं म्हणून पट्टा बांधून गेला. माझ्या झाडाला. माझं डोस्कं तापलं. पण रीत ती रीत. पट्टा कापला नाही. विळा कमरेला होता, तरी कापला नाही. बक्कल शोधून सोडला. डबीवर धूळ बसली होती, ती दुपट्ट्यानं पुसली. माझी दोरी बांधली. झाडाला हात जोडले. डबी काखेत धरून गावात आलो.

पारावर तीस-चाळीस माणसं होती. मी सगळ्यांसमोर डबी ठेवली.

"माह्या झाडाले हे कोनं बांधलं? ज्याचं असंन त्यानं घेऊन जा."

कोणी उठेना. डबी या हातातून त्या हातात फिरली.

"बिजलीचं मीटर दिसते," एक जण म्हणाला.

"झाडाले कायचं मीटर गा? झाड का पंखा लावते?"

"नाई त काय! तुह्यासारखे लोक खाली झोपतेत ना. बिल येईन आता तुले."

हसले सगळे. मीही हसलो. डबी पारावरच राहिली. दिवसभर, रातभर. कोणी तिला हात लावला नाही. चोरीचा माल असा मारुतीसमोर उघडा ठेवतात का?

दुसऱ्या दिवशी सकाळी गार्ड आला. शेजारच्या गावचा पोरगा. त्याच्या बारशाला मी जेवलो होतो. भेटला की "मामा, कसे हाये?" म्हणायचा. त्या दिवशी तो गाडीवरून उतरलाच नाही.

"ए बुडग्या, चल. तू ट्रॅप झाला."

हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

"काय झालो?"

"ट्रॅप झाला. फोटो हाये तुहा. सरकारी डबी काढून नेताना."

मग समजलं. वाघाच्या वाटेवर ते दोन डब्या लावतात, समोरासमोर. वाघाच्या दोन्ही बगलांचे पट्टे दिसले पाहिजेत म्हणून. मी एक पाहिली. दुसरी वाटेपलीकडच्या ऐनाच्या झाडाला होती. तिनं मला पाहिलं.

मी सांगितलं, "बापू, मी चोरली नाही. पारावर हाये ते. मले वाटलं कोणी झाड धरलं. आपली रीत तुले मालूम हाये ना? तुह्या बापानं माही दोरी आणून देली होती."

त्याला माहीत होतं. त्याच्या डोळ्यांत दिसलं की माहीत आहे. पण तो म्हणाला, "ते साहेबाले सांगजो." एकाकडून पारावरची डबी मागवून घेतली आणि मला गाडीवर मागं बसवलं.

साहेबाला सांगितलं. साहेब दूरचा, शिकलेला, तरणा. तो ऐकता ऐकता फोन पाहत होता. "दोरी? कसली दोरी?" एवढंच म्हणाला. मग म्हणाला, "ट्रॅप नंबर सतरा. फोटोत स्वच्छ दिसतोय. आणखी काय पाहिजे?"

आणि मग बाहेर अंगणात नेऊन मला म्हणाला, हात टेकव.

दुपारी सोडलं. म्हणाले, कागद तयार होईल, मुलाजवळ देऊ, सही करून दे, प्रकरण मिटवू. मी चालत घरी आलो. मुलाची गाडी माझ्या पुढून गेली. थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर गेलो. रोजचा माझा बाक. बाकावर बसलेले पोट्टे उठले. मला वाटलं मान देऊन उठले.

"उठा गा, उठा. टी-झिरो आला. खाईन एखाद्याले."

"पानी पाजा वाघाले."

एकानं गुरगुर केली. त्याच्या मोबाईलवर माझा फोटो होता, चार पायांवरचा, फाटकावरच्या डबीनं काढलेला. सगळ्यांच्या मोबाईलवर होता. कोणी पाठवला ते मला आजवर माहीत नाही. फाटकावरूनच कोणी पाठवला असेल. ज्या माणसांबरोबर मी चिखलात धानाचा रोवणा केला, ज्यांच्या बापांच्या तिरडीला खांदा दिला, ती माणसं फोटो मोठा करकरून पाहत होती. एक म्हातारा, माझ्या बरोबरीचा, तोसुद्धा हसला. मग माझ्याकडे पाहून त्यानं तोंड पुसलं.

मी चहा पिलो. पूर्ण पिलो. अर्धा सोडून उठलो असतो तर त्यांना बरं वाटलं असतं.

घरी आलो तर मुलगा कागद घेऊन बसला होता. शेजारी सून.

"बाबा, सही करून टाका. दोन ओळीचा कागद हाये."

"तू काल मले पाह्यलं का?"

तो कागद सरळ करत बसला.

"पाह्यलं का नाही?"

"पाह्यलं."

"मंग उतरला काहून नाही?"

"गाडीत गेस्ट होते, बाबा."

गेस्ट होते. मी त्याला मारलं नाही. हात उचलला होता. हाताच्या तळव्यात मुरमाच्या खुणा होत्या. त्याच हातानं मुलाला मारावं असं वाटलं नाही.

"लायनीतून गाडीचा नंबर जाते," तो म्हणाला. "साहेबानं सांगलं, बापाची सही आण, नाहीतर तुही गाडी फाटकातून आत जाणार नाही. तुमाले काय लागते? दोन अक्षरं त लिवाची हायेत."

मी दुसरीपर्यंत शिकलो. तेव्हा अक्षर सुटलं होतं, पण नंतर हळूहळू वाचायला लागलो. जोडाक्षर आलं की अडतो. सून बारावी शिकलेली आहे. मी कागद तिला दिला.

"वाच माय. जसं हाये तसं वाच. गाळू नको."

तिनं वाचलं. मी अमुक अमुक, राहणार अमुक, शासकीय ट्रॅप कॅमेरा चोरी करण्याच्या उद्देशाने काढून नेला. हे मला मान्य आहे. यापुढे मी जंगलात पाय ठेवणार नाही. तिथं ती थांबली.

"मामाजी, यात चोरीच्या उद्देशानं लिवलं हाये."

"ऐकलं मी. ट्रॅप म्हणजे काय वो?"

तिच्या लग्नातल्या पेटीत शाळेची डिक्शनरी होती. काढली. बोट फिरवत गेली. "फासा. सापळा. पिंजरा. कोनाले धरासाठी लपवून ठेवलेली वस्तू."

"लपवून?"

"हाव. तसंच लिवलं हाये."

मुलगा म्हणाला, "शब्द काय पाहून राह्यले? सही करा ना."

पण मला शब्दच पाहायचा होता. मी जंगलाच्या काठावर जन्म काढला. धरायच्या वस्तू मला ठाऊक आहेत. डुकराला फासा लावतात. माशाला गळ टाकतात. तितराला जाळं असतं, उंदराला पिंजरा. लावणाऱ्याला माहीत असतं, आपण कोणाला धरायला बसलो आहोत. गळाला डुक्कर लागत नाही. आणि यांचा एकच शब्द. वाघ आला तरी ट्रॅप, अस्वल आलं तरी ट्रॅप, मोहाखाली उभा असलेला बुडगा आला तरी ट्रॅप. लाच घेताना एक बाबू धरला होता, तेव्हाही लोक म्हणत होते, बाबू ट्रॅप झाला. तो बाबू पुन्हा खुर्चीवर बसला. त्याला कोणी हात टेकव म्हणालं नाही.

वाघ सापडला की त्याला नंबर मिळतो, नाव मिळतं, पावणे त्याला पाहायला येतात. माणूस सापडला की त्याला कलम लागतं.

त्या दिवशी मी दुसरीही एक गोष्ट पाहिली, ती स्वतःतली. मी फाटकावर किती वेळा "चुकलो जी" म्हणालो? सहा-सात वेळा. आणि मी चुकलोच नव्हतो. रीतीप्रमाणे वागलो होतो. मग तो शब्द आला कुठून? तो माझ्या बापाचा होता. बापाला वाळलेल्या लाकडाच्या भाऱ्यासकट धरलं होतं, माझ्यासमोर. बाप म्हणाला, "चुकलो जी." घरची कोंबडी दिली आणि भारा पण दिला. आजाला बैलांसकट धरलं होतं. आजाही तेच म्हणाला असेल. आमच्या घरात हा शब्द खोकल्यासारखा येतो. समोर खाकी दिसली की येतो. चूक लागतच नाही त्याला.

मला माझी लाज वाटली. चार पायांवर चालल्याची नाही. त्या शब्दाची.

"तो फोटो दाखव," मी सुनेला म्हणालो.

"नोका पाहू, मामाजी."

"साऱ्या गावानं पाह्यला. मीच एक राहिलो."

तिनं दाखवला. मी चष्मा लावून पाहिला. पहिल्यांदा फक्त मीच दिसलो. पांढरं डोकं खाली, ढुंगण वर, धोतर सुटलेलं. तरी पाहत राहिलो. सूनही माझ्यासोबत पाहायला लागली. मग एकेक दिसायला लागलं. माझ्या बगलेला गार्डची काठी. काठीच्या मागं साहेबाचे जोडे, वरचा चेहरापण, हसताना दात दिसतात. झाड, फाटक, फाटकावरची पाटी. मागं तिसरी गाडी. गाडीत माझा मुलगा, तोंड दुसरीकडे केलेलं.

डबी आंधळी असते. तिला साहेब कोण, बुडगा कोण, कळत नाही. समोर जे असेल ते धरते. त्या फोटोत मी एकटा सापडलो नव्हतो.

मुलानंही पाहिला. त्याला स्वतःचं तोंड दिसलं. तो एकदम फोन ओढायला लागला. "मिटवा हा. आत्ता मिटवा."

"नाही मिटवाचा," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सून आणि मी लाखनीला गेलो. हायवेवर फोटोचं दुकान आहे, ट्रक थांबतात तिथं. दुकानवाल्यानं फोटो पाहिला, मग मला पाहिलं. मी म्हणालो, "मोठे काढ. सहा काढ."

तिथून फाटकावर. सून दाराशी उभी राहिली. मुलगा आधीच तिथं येऊन साहेबासमोर हात बांधून उभा होता. साहेबानं कागद माझ्यापुढं सरकवला आणि वर पेन ठेवला.

"कर सही. घरी जा."

"मी चोर नाही."

"ट्रॅपमध्ये फोटो आहे तुझा."

"पुरा फोटो पाहा जी. मी झाडाले हात जोडून राह्यलो त्यात. चोर पाया पडून जाते का?"

"ते कोर्टात सांग. केस करीन. वर्षानुवर्षं तारखा खाशील. या वयात झेपणार आहे का?"

"करा केस."

मुलगा मागून म्हणाला, "बाबा, चुकलो म्हना ना. एक वेळा म्हना."

शब्द माझ्या घशात आला होता. खोटं कशाला सांगू. साहेबाचा हात टेबलावर आपटला तेव्हा तो शब्द जिभेवर होता. मी तो गिळला. त्याआधी असं कधी केलं नव्हतं.

"चुकलो नाही," मी म्हणालो. "आणि केस करा त फाईलीले हा फोटोपण लावा."

पिशवीतून एक फोटो काढून त्याच्या कागदावर ठेवला. साहेबानं पाहिलं. आधी हसायला आलं त्याला. मग त्याला स्वतःचे दात दिसले.

"हा कुठून आणला?"

"तुमच्याच डबीनं काढला जी. सरकारी हाये. खोटा कसा राहीन?"

गार्डनं फोटो उचलला आणि फाडला. दोन तुकडे, चार तुकडे.

"फाडा," मी म्हणालो. "आणखी पाच हायेत."

कागदावर सही न करता मी उभा राहिलो आणि निघालो. मागून साहेब मुलाला म्हणाला, "तुझी गाडी उद्यापासून आणू नकोस." हळूच म्हणाला, पण मला ऐकू जावं इतपत.

इथं संपलं असतं तर गोष्ट गोड झाली असती. संपली नाही.

केस झाली. साहेबाची बदली झाली. चांगल्या ठिकाणी झाली म्हणतात. गार्ड आहे तिथंच आहे. माझा फोटो त्यांच्या फाईलीत नाही. मी एक फोटो अर्जासोबत वर पाठवला, त्याचं उत्तर नाही. गावात मी घरोघर फिरलो. त्या सकाळी पारावर तीस-चाळीस माणसं होती. एक तरी कोर्टात येऊन सांगा, बुडग्यानं डबी सगळ्यांसमोर ठेवली होती.

"मामा, खरं हाये तुमचं. पण आमाले मोहा येचा लागते."

"मामा, माहा पोट्टा तिकडं मजुरीले हाये."

जो मीटर म्हणाला होता, तो म्हणाला, "मी त त्या दिवशी गावातच नोहतो." मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहू शकला नाही. टपरीवर मात्र तो अजून मला टी-झिरोच म्हणतो.

मोठ्या झाडाखाली मला जाऊ देत नाहीत. यंदा तिथली फुलं कुजली. कोणी उचलली नाहीत, एवढी लाज गावाला अजून आहे.

मुलाची गाडी दोन महिने अंगणात उभी राहिली. मग तो नागपूरला गेला, दुसऱ्याची गाडी चालवायला. सून जायला तयार नव्हती. त्यानं तिला आणि नातवाला नेलं. जाताना ती माझ्या पाया पडली, तर तो म्हणाला, "त्याहिच्या पाया कायले पडतं? त्याहिनं आपल्याले रस्त्यावर आणलं." बापासमोर, बापाबद्दल, असं परक्यासारखं बोलला. आता घरात मी एकटा. भात एक वेळ शिजवतो, दोन वेळ खातो.

मागच्या महिन्यात कोर्टात उभं केलं. फुकटातला वकील मिळाला होता. भला माणूस. दाराबाहेर मला समजावत होता. "आजोबा, हो म्हणा. वय पाहून थोडका दंड करतील. संध्याकाळी घरी जाल."

मुलगा आला होता. नागपूरहून पहाटे निघून आला होता. मला वाटलं, बापासाठी आला. जवळ आला आणि म्हणाला, "बाबा, आज हो म्हना. मी गार्डसंग बोललो. केस मिटली त नंबर वापस देतो म्हनते. लेकराच्या शाळेचं पाहा लागते मले. तुमचं नाक घेऊन काय करू मी?"

त्याचे डोळे खोल गेले होते. शर्टाची कॉलर फाटली होती. तो खोटं बोलत नव्हता. त्याचं पोट खरं होतं.

आत माझं नाव पुकारलं. वाचून दाखवलं. चोरी, शासकीय मालमत्ता, असं पुष्कळ.

"गुन्हा कबूल आहे का?"

वकील माझ्याकडे पाहत होता. मागच्या बाकावर मुलगा होता. मी वळून पाहिलं. त्यानं मान हलवली. हो म्हणा.

"नाही," मी म्हणालो.

"मोठ्यानं बोला."

"कबूल नाही."

तारीख पडली. बाहेर आलो तर मुलगा पायरीवर उभा होता. लोक येत-जात होते. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "आजपासून तुमी मेले माह्यासाठी."

"बरं," मी म्हणालो.

तो गेला. मी तिथंच पायरीवर बसलो, एसटीची वेळ होईपर्यंत. कोणी जवळ आलं नाही. बरं झालं.

मुला, हे मी दुसऱ्याकडून लिहवून घेतलं; तू वाचशील की नाही, माहीत नाही. तुला मी भाकर देऊ शकलो नाही. तुझी होती तीही माझ्या एका नाहीनं गेली. त्याची माफी मी मागत नाही. पुढच्या तारखेलाही नाहीच म्हणणार, त्याच्या पुढच्यालाही. तू मला मेलेला समज. माझ्या मातीला येऊ नको. पण तुझं नाव जिथं लिहिलं जाईल तिथं मागं बापाचं नाव लागेल, आणि ते चोराचं नसेल. तुला ते हवं असो की नसो.